मक्याच्या वड्यांत ‘ईडी’ कुठून आली?

दिवाळीच्या तोंडावर आत्याने तिच्या पाककृतींची फाइल घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. वीस वर्षांपूर्वी गल्लीतल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेल्या दीडेकशे कृती, एका जुन्या सीडीवरून उतरवलेल्या. चुलतभावाने विंडोजवर उघडली तर सगळी रोमन अक्षरं. ताईच्या मॅकवर तेच, भाच्याच्या लिनक्सवर तेच. लगेच निदानं सुरू झाली. कुणी म्हणालं व्हायरस, कुणी म्हणालं मॅकला मराठी येत नाही, आणि आत्या म्हणाली, “माझ्याकडे तर नीट छापलं होतं.”

बरोबर आत्याचंच होतं.

गैरसमज: फाइल बिघडली आहे.

तीन वेगळ्या यंत्रांवर अक्षर न् अक्षर सारखंच दिसत होतं, म्हणजे दोष कुठल्या यंत्राचा नव्हता; आणि फाइलही धडधाकट होती. गोम अशी की तिच्या आत मराठी कधी नव्हतीच. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडच्या डीटीपीत जे फॉन्ट चालत, त्यांत संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच असे. फॉन्ट फक्त त्या रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचं चित्र दाखवी. सर्वांच्या ओळखीच्या कृतिदेवमध्ये ‘म’चं चित्र रोमन ‘ई’च्या घरात आहे, ‘क’चं ‘डी’च्या आणि काना ‘के’च्या. म्हणून ‘मका’ हा शब्द फॉन्ट नसलेल्या संगणकावर ‘ई-डी-के’ असा दिसतो. आत्याच्या मक्याच्या वड्यांत ईडी शिरली ती अशी.

याहून मजेदार प्रकार कंसांचा. कृतिदेवमध्ये सुरुवातीचा कंस ‘¼’ या चिन्हाच्या घरात बसवलेला आहे आणि शेवटचा कंस ‘½’च्या. त्यामुळे ‘खोबरं (ओलं)’ असं लिहिलेलं असेल तिथे आधी पाव, मग काहीतरी अगम्य, मग अर्धा असं दिसतं. भाच्याने तेवढ्यावरून पाव वाटी आणि अर्धी वाटी असं प्रमाणसुद्धा काढून दिलं. पोरगा हुशार आहे, पण त्याला स्वयंपाकघरात पाठवू नये.

या फॉन्टांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. ज्या संगणकांना देवनागरी ठाऊकच नव्हती, त्यांच्याकडून लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक छापून घेण्याची ती युक्ती होती. छपाईपुरती ती उत्तम चालली. फाइल दुसऱ्याला पाठवायची वेळ आली, तिथे ती उघडी पडली.

गैरसमज: युनिकोड नावाचा एक फॉन्ट असतो.

‘युनिकोड फॉन्टमध्ये पाठवा’ हे वाक्य कार्यालयांतून, संपादकांकडून, सगळीकडून ऐकू येतं. युनिकोड हा फॉन्ट नव्हे. ती अक्षरांना क्रमांक देण्याची जागतिक पद्धत आहे आणि तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तिच्यात ‘म’ला २३५०, ‘क’ला २३२५ आणि कान्याला २३६६ हे क्रमांक आहेत. युनिकोडमधला ‘मका’ म्हणजे हे तीन आकडे, मग यंत्र कुणाचंही असो. जुन्या फाइलमध्ये त्याच जागी १०१, १०० आणि १०७ हे रोमन अक्षरांचे क्रमांक पडलेले असतात. संगणक बिचारा आकडे वाचतो.

ते आकडे चित्रात आणायचं काम फॉन्टचं. विंडोजकडे त्यासाठी मंगल किंवा निर्मला आहे, मॅककडे कोहिनूर, अँड्रॉइडकडे नोटो. त्यामुळे युनिकोडमधली तीच कृती एका संगणकावर एका पानात मावेल आणि दुसऱ्यावर चार ओळी पुढच्या पानावर जातील. ती चूक नाही.

गैरसमज: जुना फॉन्ट टाकला की प्रश्न मिटला.

दिसण्यापुरता मिटतो. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर तो फॉन्ट बसवता येतो आणि वर्डमध्ये पानं पूर्वीसारखी दिसतात. पण आतले आकडे तेच राहतात. ‘अळीव’ शोधा, सापडणार नाही. एखादी कृती उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर डकवा, पुन्हा ईडी हजर.

गैरसमज: कन्व्हर्टरमधून काढलं की झालं.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर वापरायलाच हवा, नाही तर सगळं पुन्हा टाइप करावं लागेल. पण चिकटवलेल्या मजकुरात कुठला शब्द कुठल्या फॉन्टमध्ये होता हे त्याला कळत नाही. तो दिसेल ते रोमन अक्षर बदलत सुटतो. आत्याच्या नानकटाईत ‘बटर’ हा शब्द इंग्रजी फॉन्टमध्ये, रोमन लिपीत टाइप केला होता. कन्व्हर्टरने त्याचं ‘इनजजमत’ केलं. इनजजमत पन्नास ग्रॅम! हे निदान लगेच लक्षात येतं. खरी भीती गुपचूप होणाऱ्या चुकांची. टाइप करणाऱ्याने इंग्रजी फॉन्टमधून खराखुरा ‘¼’ घेतला असेल, तर आता त्याचा कंस होतो, आणि ‘¼ चमचा हिंग’मधून प्रमाणच नाहीसं होतं.

ऱ्हस्व वेलांटीही पाहायला हवी. जुन्या फॉन्टमध्ये ‘मिरची’ची पहिली वेलांटी ‘म’च्या आधी टाइप करत, डोळ्यांना दिसते तशी. युनिकोडमध्ये ती ‘म’च्या नंतर साठवली जाते. कन्व्हर्टरला प्रत्येक वेलांटी उचलून अक्षराच्या पलीकडे ठेवावी लागते आणि जोडाक्षरापाशी कधी कधी तो चुकतो. ‘भाकऱ्या’ आणि ‘कैऱ्या’ यांतला ‘ऱ्य’ मुद्दाम तपासा. हिंदीत तो नाही, म्हणून हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेला कन्व्हर्टर तिथे अडखळू शकतो. तपासायला मात्र रोज स्वयंपाक करणारं माणूस बसवा. चार वाट्या पिठाला किती मोहन हे शुद्धलेखन तपासनिसाला कळत नाही.

गैरसमज: पीडीएफ करून पाठवली की पुढे काही बघायला नको.

वाचायला आणि छापायला पीडीएफ चांगलीच. ती फॉन्ट स्वतःबरोबर बांधून नेते, म्हणून कुठेही सारखी दिसते. २००८ पासून ती आंतरराष्ट्रीय मानकही आहे. पण कृतिदेवमधल्या मजकुराची पीडीएफ केली तर आत तेच रोमन आकडे बांधले जातात. शिवाय दहा वर्षांनी कुणाला ‘साखर कमी घाला’ अशी टीप जोडायची असेल, तर पीडीएफमध्ये ते जिकिरीचं होतं. आणि वहीच्या पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफ म्हणजे नुसता अल्बम. ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेणं, केल्याशिवाय तिच्यात शब्द नसतात.

गैरसमज: वर्ड विकत घेतल्याशिवाय वर्डची फाइल उघडत नाही.

लिबरऑफिस फुकट आहे आणि तिन्ही प्रणालींवर चालतं. गुगल डॉक्सही उघडतं. चौकटी थोड्या हलतील, कृती हलणार नाही.

किरकोळ दोन गोष्टी. फाइलच्या नावाचं शेपूट बदलल्याने आतला प्रकार बदलत नाही. बरणीवरची चिठ्ठी बदलून मेतकुटाचं तिखट होत नाही तसंच. आणि नावात प्रश्नचिन्ह किंवा विसर्गासारखी दोन टिंबं देऊ नका. ताईने मॅकवर एका फाइलला ‘उरलेल्या भाताचं काय?’ असं नाव दिलं; विंडोजला नावात प्रश्नचिन्ह चालत नाही.

आम्ही शेवटी प्रत्येक कृती युनिकोडमध्ये, साध्या मांडणीत, वेगळ्या फाइलमध्ये ठेवली आणि छापण्यापुरती एक पीडीएफ केली. तुमच्या घरीही अशी सीडी असेल तर यंदा ती बाहेर काढा; ती चालवायला लागणारे ड्राइव्ह नव्या लॅपटॉपमध्ये आता सहसा येत नाहीत. आणि रूपांतर झालं तरी मूळ फाइल पुसू नका. हिंगाचा हरवलेला पाव चमचा तिथेच सापडेल.