काळ्या रानावरचं घर

दिवाळी जवळ आली की विदर्भ-मराठवाड्यात रंगाऱ्यांना उसंत नसते. काळ्या मातीवरच्या घरात शिरल्यावर रंगारी आधी भेगा शोधतो. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरप्या निघालेल्या, केसाएवढ्या बारीक. पुट्टी भरायची, घासायची, रंगाचे दोन हात द्यायचे, की भिंत कोरी. होळीपर्यंत ती तशी राहतेही. एप्रिलमध्ये नेमका त्याच जागी रंग फाटतो आणि मे संपेस्तोवर त्या भेगेत नाणं उभं राहतं. घरमालक रंगाऱ्याला बोल लावतो, रंगारी गवंड्याला, गवंडी सिमेंटला.

दिवाळीत भेग बारीक दिसते, कारण चार महिन्यांच्या पावसाने पायाखालची माती फुगलेली असते. उन्हाळ्यात खचलेला कोपरा तिने वर उचललेला असतो, भेगेचे दोन्ही काठ जवळ आलेले असतात. आपण भरतो ती मिटलेली भेग. काही जण याच्या उलट, भर उन्हाळ्यात, भेग पूर्ण उघडी असताना तिच्यात कडक सिमेंट ठासतात. ते जास्त वाईट. पावसाळ्यात कोपरा वर येतो तेव्हा भेगेला मिटायला जागाच उरत नाही, आणि भिंत जरा बाजूला नवी जागा शोधून फुटते. दर वर्षी असं करत गेलं तर भिंत दर वर्षी थोडी ढकलली जाते आणि एकदा बाहेर गेलेली भिंत परत आत येत नाही.

म्हणून काळ्या मातीवरच्या घराची दुरुस्ती आधी पाण्याची करावी, मग भिंतीची. असं का, हे समजण्यासाठी माती जवळून पाहायला हवी.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. आजही जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर भूभागावर तो बेसॉल्ट आहे. एकाच खडकापासून दोन अगदी वेगळ्या माती तयार झाल्या, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात विलक्षण वाटतं. कोकणात आणि सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पावसाने खडकातली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेलं. मागे राहिली लोहाने लाल झालेली जांभ्याची माती. तिच्यातलं मुख्य चिकण खनिज केओलिनाइट. घाटमाथ्याच्या पूर्वेला पाऊस कमी आणि सखल भागात निचरा मंद. तिथे हीच द्रव्यं मातीतच राहिली आणि त्यांतून स्मेक्टाइट गटातली खनिजं घडली. मॉन्टमोरिलोनाइट हे त्या गटातलं सर्वात प्रसिद्ध नाव.

या खनिजाचे पापुद्रे पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक रचलेले असतात. एका पापुद्र्यात सिलिकाचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा एक. सगळ्यांची मिळून जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास. एक ग्रॅम शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटमधले सगळे पापुद्रे सुटे करून मांडले तर त्यांचं क्षेत्रफळ ८०० चौरस मीटरपर्यंत जातं. केओलिनाइटचे पापुद्रे एकमेकांना घट्ट धरून असतात, पाण्याला आत वाव देत नाहीत. स्मेक्टाइटमध्ये ही पकड सैल असते. पापुद्र्यांमधले कॅल्शियम किंवा सोडियमचे भारित कण पाण्याचे रेणू आत ओढतात, पापुद्रे दूर सरतात आणि माती फुगते. ऊन लागलं की पाणी निघून जातं, पापुद्रे जवळ येतात, रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सोडियम जास्त असेल तर फुगणं आणखी वाढतं. अकोला-अमरावतीकडच्या पूर्णा खोऱ्यातल्या चोपण जमिनी त्यामुळेच शेतकऱ्याला आणि गवंड्याला सारख्याच अवघड जातात.

सगळी माती एकसारखी फुगली आणि एकसारखी आक्रसली असती तर घर वर्षातून एकदा अलगद वर-खाली झालं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता. अडचण येते ती असमानतेमुळे. फरशीखालच्या मातीला ऊन लागत नाही, तिथला ओलावा वर्षभर जवळपास टिकतो. बाहेरच्या भिंतीलगतची माती मात्र मे महिन्यात सुकते आणि जुलैत भिजते. कोपऱ्याला तर दोन्ही बाजूंनी ऊन लागतं, म्हणून सर्वांत जास्त हालतो कोपरा. विटांचं बांधकाम दाब कितीही सोसेल, ताण त्याला सोसत नाही. कोपरा खचला की ताण दारा-खिडक्यांच्या कोनाशी गोळा होतो आणि तिथून तिरपी भेग निघते.

भेगेचा आकार नीट पाहिला तर ती बरंच सांगते. वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर कडा खचल्या आहेत किंवा घराचा मध्यभाग वर उचलला गेला आहे. खाली रुंद असेल तर उलट, मध्य खचला आहे. पावसाळ्यात मिटणारी आणि उन्हाळ्यात उघडणारी भेग मातीच्या श्वासोच्छ्वासाची आहे. बाराही महिने एकाच दिशेने वाढत जाणारी भेग फुटलेल्या नळाची, चुकीच्या भरावाची किंवा आणखी कशाची तरी असते. मूळ घर आणि नंतर जोडलेलं न्हाणीघर किंवा जिना यांच्या सांध्यावर सरळ उभी भेग असेल, तर दोघांच्या पायाची खोली वेगळी आहे, एवढंच बहुतेक वेळा त्याचं कारण असतं. तिथे मुळातच मोकळा सांधा सोडायला हवा होता.

हलक्या बांधकामाला हा त्रास जास्त होतो, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. फुगणारी काळी माती चौरस सेंटिमीटरला १ किलो किंवा त्याहूनही जास्त जोर लावू शकते, म्हणजे चौरस मीटरला १० टन. एकमजली घराच्या भिंतीचा पायावर येणारा भार साधारणपणे याच्या निम्माही नसतो. म्हणून कंपाउंडची भिंत, पोर्च, पायऱ्या आणि एक खोलीचं घर आधी फुटतं. कमी पैशांत बांधणाऱ्याला सर्वांत जास्त फटका बसतो तो असा, आणि मला ते फार लागतं.

आपल्या जुन्या गावांची वस्ती पांढरीवर होती आणि शेती काळीत. वस्तीसाठी उंचवट्याची, निचऱ्याची जागा धरायची आणि कसदार काळं रान पिकाला ठेवायचं, ही रीत शेकडो वर्षं चालली. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख आणि पडलेल्या भिंतींची माती साचून ती पांढरी आणखी उंच होत गेली. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरात छताचं ओझं लाकडी खांब पेलत, त्यामुळे भिंत थोडी हलली तरी छत सुटत नसे. हे घर भूकंपापुढे किती दुबळं ठरतं ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने दाखवलं, तेव्हा त्याचा गौरव करण्याचं कारण नाही. पण वस्ती कुठे असावी याची जुन्या गावकऱ्यांची निवड अचूक होती. आता शहरं वाढली, काळी रानं एनए झाली, ले-आउट पडले आणि घरं थेट कपाशीच्या जमिनीवर उभी राहिली.

अशा घरात भेग दिसली तर निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा ती नुसती पाहावी. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी. जुने गवंडी भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवतात. भिंत हलली की काच तडकते. उपाय स्वस्त आहे आणि पुरेसा आहे. कोपरा दिसण्याइतका खचत असेल, भेगेतून पलीकडचा उजेड येत असेल किंवा भिंत तिरकी होत असेल, तर मात्र वाट न पाहता अभियंत्याला बोलवावं.

दरम्यान पाण्याकडे वळावं. छताचं पाणी पायाशी पडत असेल तर पाइप लावून ते लांब सोडावं. घराभोवती किमान दीड मीटर रुंदीचा, बाहेर उतार असलेला पक्का पट्टा करावा. त्याने पायाजवळची माती पावसात एकदम भिजत नाही आणि उन्हात एकदम सुकतही नाही. नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्या तपासाव्यात. पावसाचं पाणी जिरवण्यासाठी भिंतीला लागून शोषखड्डा घेतलेला खूप ठिकाणी दिसतो. हेतू चांगला, जागा घातक. निव्वळ काळ्या मातीत पाणी खाली मुरत नाही, ते खड्ड्यात तुंबून पायाखाली पसरतं. झाडांचंही तसंच. वड-पिंपळ-कडुनिंब भिंतीजवळ असतील तर उन्हाळ्यात त्यांची मुळं पायाखालचा ओलावा शोषतात. झाड जेवढं उंच होणार तेवढं तरी ते घरापासून दूर असावं. पण जुनं झाड एकाएकी तोडणं हाही उपाय नव्हे. त्याने वर्षानुवर्षं सुकवलेली माती हळूहळू पाणी घेते आणि काही वर्षं फुगत राहते.

हालचाल मंदावली की मग भेग. मोठ्या भेगेला आडवे सांधे कोरून त्यात सळया बसवायच्या आणि भेगेच्या दोन्ही बाजूंची भिंत एकमेकींना बांधायची. जुन्या चुन्याच्या बांधकामात चुनाच वापरावा. चुना सिमेंटपेक्षा लवचीक असतो. शिवाय ओलाव्यात विरघळलेला थोडा चुना बारीक चिरांमध्ये पुन्हा घट्ट होतो आणि त्या आपोआप भरून येतात.

नवं बांधणाऱ्यासाठी मार्ग पुष्कळ सुकर आहे, कारण यावर भारतातच पक्कं काम झालं आहे. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने १९५० च्या दशकापासून तळाशी फुगीर पाइलवर काम केलं. पाइलचा फुगवटा दांड्याच्या साधारण अडीच पट रुंद असतो आणि ऋतूंनुसार ओलावा बदलतो त्या थराच्या खाली, सुमारे साडेतीन मीटरवर, तो रुतून बसतो. वरची माती कितीही हालली तरी घराची मूठ खाली घट्ट असते. पाइलवरच्या बीमखाली मात्र मोकळी जागा हवी. भारतीय मानकात फुगणाऱ्या मातीसाठी ती किमान ८० मिलिमीटर सांगितली आहे. प्रत्यक्षात काम करताना ही पोकळी पाहून कुणीतरी तिथे मुरूम ठासतो आणि पाइलचा खर्च वाया जातो.

काळी माती मीटर-दीड मीटरच असेल तर ती काढून कडक मुरमावर पाया घेणं सर्वांत सरळ. खोल असेल आणि फरशी, पोर्च किंवा कालव्याचं अस्तर करायचं असेल, तर आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी शोधलेली पद्धत आहे: काळी माती काढून तिच्या जागी साधारण मीटरभर जाडीचा, चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मुरमाचा थर दाबून बसवायचा. इथे वाळू चालत नाही. तिच्यात चिकटपणा नसतो आणि तिच्यातून पाणी सहज खालच्या काळ्या मातीपर्यंत पोचतं.

माती फुगणारी आहे का, हे कळायला मोठी प्रयोगशाळाही लागत नाही. चाळलेली कोरडी माती १० ग्रॅम पाण्याच्या नळकांड्यात आणि तेवढीच रॉकेलच्या नळकांड्यात टाकून २४ तास ठेवायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. दोन्हींच्या आकारमानातला फरक रॉकेलमधल्या आकारमानाच्या किती टक्के आहे, तो मुक्त फुगवण निर्देशांक. शाळेच्या प्रयोगशाळेत होईल इतकी साधी चाचणी आहे. ले-आउट मंजूर होताना रस्त्याची रुंदी, मोकळी जागा, नाल्यापासूनचं अंतर सगळं नकाशावर येतं. त्याच नकाशावर काळ्या मातीची खोली आणि हा एक आकडा छापला, तर प्लॉट घेणाऱ्याला सही करतानाच कळेल की आपला पाया चार फुटांत भागणार की पाइलचे पैसे बाजूला ठेवावे लागणार.