विमानं थांबली, तारखा चालूच राहिल्या

करोनाच्या साथीमुळं २३ मार्च २०२० पासून भारताची नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद झाली, ती पूर्ववत व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. मधला काळ परदेशात अडकलेल्यांना आणणाऱ्या ‘वंदे भारत’ विमानांच्या फेऱ्यांवर आणि मोजक्या देशांशी झालेल्या एअर बबल करारांवर निघाला. मुलगा न्यू जर्सीत, लेक-जावई दुबईत, पुतण्या बाहेर डॉक्टरकी शिकतोय, अशी घरं कोल्हापूर जिल्ह्यात राजारामपुरीपासून गडहिंग्लजपर्यंत कुठंही सापडतील. त्या दिवसांत या घरांमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या माहितीतली बरीच चुकीची होती. बहुतेक चुकांचं मूळ एकच. सरकारनंच विमानं बंद केली आहेत, म्हणजे कागदांच्या मुदतीही आपोआप थांबल्या असणार, असं लोक धरून चालले. काही ठिकाणी सवलत मिळाली हे खरं, पण तिचा वेगळा आदेश निघावा लागला किंवा ती अर्ज करून मागावी लागली.

‘अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा आहे, मग काळजी कसली?’ लेकीच्या बाळंतपणाला गेलेले आईवडील तिकडंच अडकले, तेव्हा हे वाक्य हमखास कानावर यायचं. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे त्या मुदतीत अमेरिकेच्या दारापर्यंत जाण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने, आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसावर ती शोधून सापडत नाही. वेबसाइटवर पासपोर्ट क्रमांक टाकून पाहावी लागते. विमान नाही म्हणून ही तारीख पुढं सरकत नव्हती. ती उलटण्याआधी आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज फी भरून करायचा होता. उशीर झालाच तर साथीचं कारण ग्राह्य धरलं जाऊ शकत होतं, पण तेही अधिकाऱ्याच्या मर्जीवर. बेकायदा मुक्काम १८० दिवसांच्या वर गेला, तर देश सोडल्यावर तीन वर्षं प्रवेशबंदी. वर्षभराच्या वर गेला, तर दहा वर्षं. नातवंडं तिकडं असलेल्या माणसासाठी ही फार मोठी शिक्षा आहे.

‘बाळाचं ओसीआय कार्ड आहे, म्हणजे ते भारतीयच.’ या समजुतीनं त्या काळात सगळ्यात जास्त रडवलं. आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, हा फार तर आयुष्यभराचा व्हिसा, आणि व्हिसा सरकार स्थगित करू शकतं. १३ मार्च २०२० पासून ओसीआयधारकांचा व्हिसामुक्त प्रवास स्थगित झालाच. ७ मे रोजी वंदे भारत सुरू झालं, तेव्हा चित्र असं होतं: नवऱ्याची नोकरी गेलेली, एच-१बी व्हिसावर दुसरी शोधायला साठ दिवसांची मुदत, आईवडील दोघंही भारतीय पासपोर्टवाले आणि कडेवरचं बाळ अमेरिकन पासपोर्टवर. आईवडिलांना विमानात जागा मिळायची, बाळाला नाही. २२ मे रोजी अशा अल्पवयीन मुलांना, घरात मृत्यूसारखा प्रसंग ओढवलेल्यांना आणि आणखी काही गटांना सूट मिळाली. सगळ्या ओसीआयधारकांसाठी दार उघडलं ते ऑक्टोबरात. ७ ते २२ मे, हे दोन आठवडे म्हणजे काही फार नव्हे, असं इथं बसून म्हणता येतं. घरभाडं थकलेल्या, विमा संपलेल्या जोडप्याला ते म्हणता येत नव्हतं.

आखातातला प्रश्न याच्या उलटा. तिथं जन्मल्यानं नागरिकत्व मिळत नाही. भारतीय आईवडिलांच्या बाळाची नोंद तिथल्या भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत करायची असते. ‘गावी गेल्यावर करू’ म्हणत वर्ष उलटलं, की केंद्र सरकारची परवानगी लागते.

वंदे भारत फुकट होतं, हाही एक समज. तिकीट प्रवाशानं काढायचं, उतरल्यावर संस्थात्मक विलगीकरणाचा खर्चही त्याचाच. मुंबईत उतरून कोल्हापूर गाठायला जिल्हाबंदीचा ई-पास २ सप्टेंबर २०२० पर्यंत लागत होता, तो वेगळाच.

आता जमिनीचं. ‘व्हिडिओ कॉलवर हो म्हटलं, व्हॉट्सअ‍ॅपवर सही पाठवली, झालं.’ दुय्यम निबंधकाकडं यातलं काही चालत नाही. परदेशातल्या माणसाचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर साक्षांकित व्हावं लागतं. नोटरी असेल तर त्या देशाचं अपोस्टील घेतलेलं बरं. मूळ कागद कुरिअरनं कोल्हापुरात आला की काम संपलं असं समजून तो कपाटात ठेवतात, आणि घोळ तिथंच होतो. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, त्यासाठी पाकिटावरची पोचल्याची तारीखसुद्धा जपून ठेवावी. शिवाय ज्यानं मुखत्यारपत्र दिलं तो वारला, की ते सर्वसाधारणपणे तिथंच संपतं. वडिलांच्या मुखत्यारपत्रावर त्यांच्या पश्चात व्यवहार करता येत नाही.

याला जोडून एक भीती: वडील गेले, यायला जमलं नाही, सातबाऱ्यावर वेळेत नाव लागलं नाही, म्हणजे हिस्सा गेला. तसं नसतं. वारसाहक्क मृत्यूच्या क्षणीच मिळतो. फेरफार ही महसुली नोंद आहे, तिच्यानं मालकी ठरत नाही. इथल्या एका वारसानं अर्ज देताना सगळ्यांची नावं घातली तरी नोंद होते. नाव मुद्दाम वगळलं असेल, तर नोटिशीच्या मुदतीत लेखी हरकत घ्यावी.

‘अडकलो होतो, म्हणून ते दिवस आयकरात धरत नाहीत.’ अर्धं खरं. ८ मे २०२० च्या परिपत्रकानं २२ ते ३१ मार्च २०२० हे दिवस वगळले, तेही २०१९-२० या वर्षापुरते. पुढच्या वर्षासाठी सरसकट सूट नाही, असं ३ मार्च २०२१ च्या परिपत्रकानं सांगितलं. दोन्हीकडं कर बसत असेल तर त्या महिनाअखेर अर्ज करायचा होता. म्हणजे सुट्टीवर येऊन १८२ दिवस इथं राहावं लागलेला दुबईकर निवासी ठरला. अर्थात बरीच वर्षं बाहेर काढलेला माणूस सहसा ‘सामान्यतः निवासी नाही’ या गटात बसतो आणि परदेशात कमावलेल्या पगाराला इथं धक्का लागत नाही. मात्र कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या घरात लॅपटॉप उघडून केलेल्या कामाचा पगार भारतात कमावलेला मानतात, कंपनी कुठलीही असो. दुहेरी करकरारातून सुटका होते का, हे सीएकडून तपासून घ्यावं.

शेवटचा मुद्दा पेन्शनीचा. साखर कारखान्यातून, शाळेतून निवृत्त झालेले कितीतरीजण मुलाकडं अडकले आणि हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाता आलं नाही, म्हणून पेन्शन बुडाल्याचं धरून बसले. दाखला नसेल तर पेन्शन थांबते, बुडत नाही; दिला की थकबाकीसह सुरू होते. परदेशात असताना तो भारतीय वकिलातीत देता येतो. ईपीएफच्या पेन्शनधारकांना २०२० साली २८ फेब्रुवारी २०२१ पर्यंत मुदतही वाढवून मिळाली होती, आणि नोव्हेंबर २०२१ पासून केंद्र सरकारनं मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय केली.