खिडकीतला खेळ का अडखळतो?

पडद्यावरचे चित्र खरे तर हलत नाही. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'पासून आपण ज्याला हलते चित्र म्हणत आलो, ती स्थिर चित्रांची माळ असते; ती पुरेशा वेगाने सरकली की डोळा फसतो. मूकपटांच्या काळात हा वेग कॅमेऱ्याचा दांडा फिरवणाऱ्याच्या हातात असे. बोलपट आले, आवाजासाठी वेग नक्की करावा लागला आणि सेकंदाला २४ चित्रे हा दंडक पडला.

संगणकावरच्या खेळात मात्र चित्रे आधी काढून ठेवलेली नसतात. खेळणाऱ्याने मान वळवली की समोरचा डोंगर त्याच क्षणी नव्याने रंगवावा लागतो. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. चित्रकाराला उशीर झाला की खेळ अडखळतो. मुले याला 'लॅग' म्हणतात. वास्तविक तो शब्द इंटरनेटच्या दिरंगाईचा, पण घरोघरी दोन्ही दुखण्यांना एकच नाव पडले आहे. असो.

आमच्या घरी हे दुखणे आले ते 'माइनक्राफ्ट'मध्ये. २०११ साली पूर्ण स्वरूपात आलेला हा स्वीडनचा खेळ. ठोकळ्यावर ठोकळा ठेवत घर, विहीर, पूल असे काहीही बांधावे. माझे जावई नोकरीसाठी सिंगापूरला असतात. रविवारी संध्याकाळी बापलेक मिळून एक वाडा बांधतात. नातवाच्या लॅपटॉपवर डावीकडे खेळाची खिडकी, उजवीकडे व्हिडिओ कॉलवर त्याचे बाबा. दिवाळीनंतर हा खेळ अडखळू लागला. "आजोबा, बाबा पायरी ठेवतो तोवर मी खड्ड्यात पडलेला असतो," नातू म्हणाला. "तो हसतो, पण मग कॉल लवकर ठेवतो."

दुकानदाराने नवे यंत्र सुचवले. किंमत लाखाच्या घरात. लेक हप्त्यांचा विचार करू लागली. शेजारच्या इंजिनिअर मुलाने 'फुल स्क्रीन करा' असा फुकटचा सल्ला दिला. सल्ला चुकीचा नव्हता, पण पडदाभर खेळ पसरला की बाबा दिसेनासे होतात!

या सल्ल्यामागे इतिहास आहे. विंडोज एक्सपीपर्यंत प्रत्येक खिडकी थेट पडद्यावर रंगत असे. २००७ साली घरोघरी आलेल्या व्हिस्टापासून प्रत्येक खिडकी आपापल्या पडद्याआडच्या कागदावर रंगते आणि विंडोजचा एक व्यवस्थापक ते कागद एकत्र जुळवून पडद्यावर मांडतो. पूर्ण पडदा घेणाऱ्या खेळाला हा व्यवस्थापक टाळता येई, खिडकीतल्या खेळाला येत नसे. विंडोज ११ मध्ये खिडकीतल्या खेळांसाठी एक खास खटका आहे, पण तो डायरेक्टएक्स १० आणि ११ वर चालणाऱ्या खेळांसाठी. आमच्या यंत्रावरची माइनक्राफ्टची जावा आवृत्ती ओपनजीएलवर चालणारी. तेव्हा तो खटका आमच्या कामाचा नव्हता.

बँकेत आम्ही ताळेबंद जुळला नाही की आधी फरकाचा आकडा पाहत असू. त्याला ९ ने भाग गेला, तर कुणीतरी ५४ चे ४५ लिहिले असण्याचा दाट संशय. आकडाच पत्ता सांगतो. इथेही तसेच आहे. चित्रांचा आकडा अगदी ३० वर किंवा ६० वर खिळून राहिला, तर कुठेतरी मर्यादेचे कुलूप लागलेले असते. तो हेलकावत असेल, तर बोजा जास्त झालेला असतो. नातवाने एफ-३ ही कळ दाबली. आकडा १८ ते २५ मध्ये हेलकावत होता. खिडकी लहान केली तसा तो वाढला. म्हणजे दोष चित्र रंगवणाऱ्या भागाचा, मुख्य प्रोसेसरचा नव्हे. चार्जर लावलेलाच होता.

मग दोन गोष्टी सापडल्या. वाडा समोरच्या टेकडीवरून पुरा दिसावा म्हणून दिवाळीत नातवाने नजरेचा पल्ला १२ वरून २४ केला होता. हा पल्ला चारी दिशांना मोजतात: १२ ला २५ गुणिले २५, म्हणजे ६२५ तुकडे; २४ ला ४९ गुणिले ४९, म्हणजे २,४०१. पल्ला दुप्पट, काम जवळजवळ चौपट. हे त्याला मी कागदावर चौकोन काढून दाखवले, तेव्हा तो गणिताच्या वहीपेक्षा जास्त लक्ष देऊन पाहत होता.

दुसरी गोष्ट एफ-३च्याच यादीत उजवीकडे लिहिलेली होती. अशा लॅपटॉपमध्ये दोन चित्रकार असतात, एक प्रोसेसरमधला काटकसरी, दुसरा वेगळा आणि ताकदवान. यादीत नाव पहिल्याचे होते. म्हणजे ज्याच्यासाठी दुकानात जादा पैसे मोजले, तो बसून होता! लेकीने पूर्वीच सेटिंग्जमध्ये ग्राफिक्सच्या पानावर माइनक्राफ्टच्या लाँचरला 'हाय परफॉर्मन्स' दिले होते, पण लाँचर फक्त दार उघडतो. आतले काम 'जावाडब्ल्यू डॉट ईएक्सई' नावाची फाइल करते. ती लाँचरच्या फोल्डरमधून शोधून त्याच पानावर जोडली, तिला 'हाय परफॉर्मन्स' दिले आणि खेळ बंद करून पुन्हा सुरू केला. यादीत नाव बदलले.

पल्ला १६ वर तडजोडीने ठरला. टेकडीवरून वाड्याची मागची भिंत धुक्यात जाते, एवढे नातवाने सोसले. आकड्याला ६० ची मर्यादा घातली, त्यामुळे पंख्याची घरघरही कमी झाली. कॉल सुरू असला की आकडा ५२-५३ वर उतरतो, कारण बाबांचे हलते चित्रही त्याच यंत्राला उलगडावे लागते. तेवढी घट आम्ही बाबांच्या खात्यावर टाकली आहे. गेल्या रविवारी कॉल पावणेदोन तास चालला आणि वाड्याला दिंडी दरवाजा बसला.