चार महिन्यांची शाळा

बेंजामिन मेज यांचा जन्म १८९४ सालचा, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातला. आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. तिथे कृष्णवर्णीय मुलांची शाळा वर्षातून जेमतेम चार महिने भरायची. बाकीचे दिवस कापसाच्या शेतात जायचे. तरी मेज शिकले. फीसाठी रेल्वेच्या पुलमन डब्यांत प्रवाशांची उस्तवार केली, १९३५ मध्ये शिकागो विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि पुढे २७ वर्षं अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजचं अध्यक्षपद सांभाळलं. मार्टिन लूथर किंग त्यांचेच विद्यार्थी.

१९३६-३७ च्या हिवाळ्यात मेज भारतात, म्हैसूरला एका परिषदेसाठी आले होते. तिथे अस्पृश्य मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून दिली ती ‘मोठ्या पदाला पोहोचलेले अस्पृश्य’ अशी. मेज आधी दुखावले. मग उमगलं, की मायदेशात आपलीही जागा तीच आहे. मुख्याध्यापकांना मुलांना एवढंच दाखवायचं होतं : आपल्यातला माणूस तिथवर जाऊ शकतो.

अमेरिकेतल्या कॉलेजांत हेच दाखवायला माणसं कमी होती. वर्गात सगळ्या रंगांची मुलं, फळ्यापाशी मात्र बहुतेक गोरेच. म्हणून मेलन फाउंडेशन या देणगीदार संस्थेने १९८८ मध्ये आठ संस्थांत पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी फेलोशिप सुरू केली. २००३ मध्ये तिला मेज यांचं नाव जोडलं गेलं. आज ती दक्षिण आफ्रिकेतल्या विद्यापीठांतही आहे.

निवड साधारण दुसऱ्या वर्षाला होते. इतिहास, साहित्य, समाजशास्त्र अशा विषयांत संशोधनाची ओढ असलेल्या विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक प्राध्यापक आणि विद्यावेतन मिळतं. घरात कॉलेजची पायरी चढणारं पहिलंच मूल असेल, तर त्याला हेसुद्धा कोणी सांगितलेलं नसतं, की पीएच.डी.ला बहुतेकदा फी माफ असते आणि वर विद्यावेतनही मिळतं. ते इथे कळतं. प्राध्यापक त्याचं टिपण समोर घेऊन ओळीओळीला विचारतात : हे कशावरून? पुरावा कुठाय? पुढे पीएच.डी.ला गेल्यास शैक्षणिक कर्जफेडीलाही हातभार लागतो. या वाटेने आजवर हजाराहून अधिक जण डॉक्टरेटपर्यंत पोहोचले आहेत.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते सुट्टीतलं विद्यावेतन. त्यामुळे गरीब घरचं मूल उन्हाळाभर हॉटेलात बशा न विसळता ग्रंथालयात बसू शकतं. मेज यांना वर्षाचे चारच महिने मिळत होते. त्यांच्या नावाने आज कुणाला तरी अख्खा उन्हाळा मिळतो.