उसनं रक्त आणि स्वतःचं रक्त
आपण नडगीवर हात फिरवला, की कातडीखाली लगेच हाड लागतं. अपघातात तिथली कातडी आणि हाडावरचं आवरणही गेलं, तर मांडीची पातळ कातडी नुसती लावून भागत नाही. तिला खालून रक्त लागतं. उघडं हाड ते देत नाही. म्हणून फ्लॅप करतात, म्हणजे स्वतःच्या रक्तवाहिनीसकट आणलेला मांसाचा वा कातडीचा तुकडा. गुडघ्याखालच्या जखमेवर पोटरीचा स्नायू वळवता येतो. घोट्याजवळ तो पोचत नाही. तिथे बऱ्याचदा पाठीचा किंवा मांडीचा तुकडा आणून त्याच्या वाहिन्या पायातल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. जोडणीत गुठळी झाली तर तुकडा मरतो, कधी पायही गमवावा लागतो. म्हणून पहिले काही दिवस त्याचा रंग, ऊब सारखी पाहतात. आपण म्हणतो जखम झाकली. खरं तर तिथे रक्त पोचवलेलं असतं.