हृदयांतील गांठ व पक्षाघात

गेल्या सत्रांत रक्ताभिसरणाचा धडा चालू असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, माझ्या मावशीचा उजवा हात एकाएकीं लुळा पडला व वाचा बंद झाली. दुखणें मेंदूंत आहे असें डॉक्टर म्हणाले. मग शस्त्रक्रिया हृदयावर कां केली?" प्रश्न मार्मिक होता. त्याचें उत्तर सर्वच वाचकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून तें येथें देत आहों.

मेंदूची एखादी धमनी बंद झाली म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेल्या भागास रक्त मिळेनासें होतें व पक्षाघात होतो. हा अडथळा पुष्कळदां दुसरीकडून वाहत आलेला असतो. पाटाच्या तोंडाशीं सुटलेला पालापाचोळा पुढें अरुंद मोरींत अडकून शेताचें पाणी तोडतो, तसाच हा प्रकार होय.

अशा अडथळ्याचें एक विरळ उगमस्थान म्हणजे हृदयांतील 'मिक्सोमा' नांवाची गांठ. ती बहुधा प्रौढ वयांत, व पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक आढळते. शंभरांतील सुमारें ७५ गांठी हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यांत, बहुधा मधल्या पडद्यास चिकटलेल्या असतात. ही कर्करोगाची गांठ नव्हे. म्हणून तिला सौम्य म्हणतात. परंतु तिचें अंग पुष्कळदां लिबलिबीत व ठिसूळ असतें, आणि हृदय तर दिवसाकाठीं सुमारें एक लाख वेळां धडधडतें. त्या हेलकाव्यांनीं तिचा तुकडा, किंवा तिच्यावर सांखळलेली गुठळी, सुटते व रक्ताबरोबर मेंदूंत जाऊन अडकते. नांव सौम्य, पण करणी दारुण!

पूर्वीं ही गांठ बहुधा मृत्यूनंतरच्या तपासणींतच दिसे. १९५३ सालीं स्वीडनमधील लुंड येथें एड्लर व हर्ट्झ यांनीं ध्वनिलहरींच्या साहाय्यानें हृदय तपासण्यास आरंभ केला. १९५४ सालीं स्टॉकहोम येथें क्राफोर्ड या शस्त्रवैद्यानें हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधारें अशी गांठ यशस्वी रीतीनें काढली.

उपचार दुहेरी आहे. पहिला मेंदूचा. सी. टी. तपासणीनें रक्तस्राव नाहीं अशी खात्री झाल्यावर, योग्य रोग्यास साडेचार तासांच्या आंत गुठळी विरघळविणारें औषध शिरेंतून देतां येतें. परंतु हें औषध सांखळलेलें रक्त विरघळवितें, गांठीचा तुकडा नव्हे. म्हणून मोठी धमनी बंद असल्यास जांघेंतील धमनींतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन तो अडथळाच ओढून काढतात. तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावर कधीं कधीं हृदयांतील गांठीचा प्रथम पत्ता लागतो.

दुसरा उपचार हृदयाचा. गांठ राहिली तर पुन्हां तुकडा सुटण्याची भीति. म्हणून ती मुळासकट काढावी लागते. येथें शस्त्रवैद्यास मोठा पेंच पडतो. शस्त्रक्रियेच्या वेळीं रक्त गोठूं नये म्हणून औषध द्यावें लागतें, व त्यामुळें दुखावलेल्या मेंदूंत रक्तस्राव होऊं शकतो. उशीर करावा, तर दुसरा झटका येण्याचा धोका. दोनही बाजू तोलूनच दिवस ठरवितात. क्वचित् गांठ पुन्हां वाढते. यास्तव पुढें कित्येक वर्षें तपासणी चालू ठेवतात.

त्या मावशीबाई आज चालतात, परंतु शब्द अजून अडखळतात. कारण पहिले दोन तास हातास तेल चोळण्यांत गेले. घरच्यांची माया कमी नव्हती, माहिती कमी होती.

बहुतेक पक्षाघात या गांठीमुळें होत नाहींत. परंतु प्रथम कर्तव्य सर्वांत एकच. तोंड वांकडें झालें, हात उचलेना किंवा बोलणें बोबडें झालें, तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा, तोंडांत पाणी किंवा औषध घालूं नका, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. मुलांनो, हें तुम्हांसही करतां येण्यासारखें आहे. वडील मंडळी गोंधळली असतां वेळ सांगणारें एक मूल घरांत असेल, तर तें मोठेंच साहाय्य होय.