‘पाणी आला’ म्हणणाऱ्या पोराचं व्याकरण

कन्नड तालुक्यातल्या तांड्यावरच्या शाळेत, पहिली-दुसरीच्या वर्गात घटकाभर बसलं की ‘पाणी आला’, ‘झाड पडला’, ‘घर मोठा आहे’ अशी वाक्यं कानावर पडतात. बाई दुरुस्त करतात, ‘आला नाही रे, आलं.’ पोर ‘आलं’ म्हणतं आणि लगेच ‘दूध सांडला’ म्हणून मोकळं होतं. ऐकणारा हसतो, नाहीतर कपाळावर हात मारतो.

ही वाक्यं जरा एकाखाली एक लिहून बघा. पाणी, झाड, घर, दूध. चारही शब्द नपुंसकलिंगी. तेच पोर ‘गाय आला’ म्हणत नाही, ‘नदी आला’ म्हणत नाही. म्हणजे चूक वाट्टेल तिथे होत नाही. एकाच जागी आणि एकाच रीतीने होते. घरी बोलली जाणारी बंजारांची गोरबोली राजस्थानीच्या गोतातली. तिच्यात लिंगं दोनच. मराठीतलं तिसरं लिंग समोर आलं की पोर ते पुल्लिंगात ढकलतं. पण गोरबोलीत ‘मारो’, ‘तारो’ अशी पुल्लिंगी रूपं ओकारान्त असतात. पोराने तो ‘ओ’ कधीच सोडून दिलाय आणि मराठीचा ‘आ’ उचललाय. प्रत्यय मराठीचा, लिंगांचा हिशेब गोरबोलीचा. हे व्याकरण ना त्याच्या आईचं, ना बाईंचं. ते त्याचं त्याने बांधलेलं आहे.

भाषाशास्त्रात या मधल्या भाषेला आंतरभाषा म्हणतात. लॅरी सेलिंकर या अमेरिकन अभ्यासकाने 1972 साली एका निबंधात ही कल्पना नीट मांडली. त्याआधी, 1967 मध्ये, पिट कॉर्डर यांनी शिकणाऱ्याच्या चुकांकडे बघण्याची दिशाच फिरवली होती. तोवरची समजूत साधी होती. रॉबर्ट लाडो यांचं 1957 चं पुस्तक त्याच वळणाचं: दोन भाषा शेजारी ठेवा, फरक शोधा, फरक तिथे चूक. कॉर्डर म्हणाले, जीभ घसरणं वेगळं आणि चूक वेगळी. घाईत घसरलेला माणूस स्वतःच सावरतो. जी चूक पुन्हापुन्हा, ठरावीक जागी होते, ती शिकणाऱ्याच्या डोक्यात सध्या कुठला नियम चालू आहे ते सांगते.

आणि सगळ्या चुका घरच्या भाषेतून येत नाहीत, हे लाडोंच्या हिशेबात बसणं अवघड होतं. ‘मी काम करलं’, ‘कुत्रं मरलं’ ही रूपं घ्या. बसणे-बसला, पडणे-पडला, चालणे-चालला हे बघून पोराने नियम काढला आणि तो ‘करणे’, ‘मरणे’ला लावला. ‘करलं’ त्याला कोणी शिकवलं नाही. मराठी घरातलं तीन वर्षांचं मूलही हेच करतं. गंमत म्हणजे पुष्कळदा आधी ‘केलं’ बरोबर येत असतं, कारण ते पाठ झालेलं असतं. मग नियम सापडतो आणि ‘करलं’ सुरू होतं. पुढे अपवाद कळले की पुन्हा ‘केलं’. मधला टप्पा बघून ‘आधी येत होतं, आता बिघडलं’ म्हणणारा पालक उलटं वाचत असतो. तिथे पोर पुढे गेलेलं असतं.

गावाचं नाव कन्नड असलं तरी कानडी इथे कोणी बोलत नाही. बाकी भाषांची मात्र रेलचेल. गावात मराठी आणि दखनी, तांड्यांवर गोरबोली, डोंगराच्या कडेने भिल्ल वस्त्या, आणि औट्रम घाट उतरून चाळीसगावकडे निघालं की अहिराणी. ग्रिअर्सनने भारताच्या भाषा-पाहणीत भिल्ली, खानदेशी आणि बंजारा बोली 1907 च्या एकाच भागात घातल्या. कन्नडच्या माणसाला तो भाग म्हणजे जवळपास शेजाऱ्यांची यादीच वाटेल. जनगणनेत मात्र बंजारांची बोली हिंदीच्या खात्यात जाते. म्हणजे पोराची घरची भाषा कागदावरही धड दिसत नाही.

दखनी बोलणाऱ्या पोरांची मराठी वेगळ्या वाटेने जाते. ‘पाणी आला’ तेही म्हणतात, पण त्यांच्या तोंडी ‘माझी पुस्तक’ असतं. पुस्तक नपुंसकलिंगी, मग पुल्लिंगात का गेलं नाही? कारण घरची ‘किताब’ स्त्रीलिंगी. दखनीत ‘मैं रोटी खाया’ म्हणतात. प्रमाण उर्दूतला ‘ने’ तिथे नाही, क्रियापद खाणाऱ्याच्या मागे जातं. त्यामुळे ‘मी भाकरी खाल्लो’ ऐकू आलं तर नवल नाही. एकाच बाकावरची दोन पोरं, दोघांच्या मराठीत लाल खुणा सारख्याच, पण कारणं निराळी. ‘नीट बोल’ ही एकच सूचना दोघांनाही उपयोगाची नाही.

इंग्रजीच्या तासाला बाकी सगळेच या पोरांच्या रांगेत येतात. 2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. ‘ही डिड नॉट वेंट’ हे आपलं लाडकं वाक्य. भूतकाळ दाखवायचाय ना, मग दोन्हीकडे दाखवला. ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स’ यात ‘दोन वर्षांपासून राहतोय’ जसंच्या तसं बसलंय. हे बोलणारे वकील आहेत, डॉक्टर आहेत, आणि इंग्रजी शिकवणारेही आहेत. काम भागतं, समोरच्याला कळतं, मग तिथेच भाषा थिजते. सेलिंकरनी या थिजण्याला अश्मीभवन म्हटलं. मोठेपणी दुसरी भाषा शिकणाऱ्यांपैकी जन्मजात भाषकाच्या तोडीला पोचणारे जेमतेम पाच टक्के, असा त्यांचा अंदाज होता. तो अंदाजच, शिक्का समजू नये.

तांड्यावरच्या पोराच्या वाटेत मात्र आणखी एक अडचण आहे आणि ती व्याकरणाची नाही. दिवाळी झाली की पुष्कळ घरं ऊसतोडीला निघतात. जूनपासून जमवलेली मराठी चार-पाच महिने फडावर, कोपीत, घरच्याच माणसांत राहते. सेलिंकरनी नोंदवलंय की सुटलेल्या चुका परत डोकं वर काढतात. पोर उन्हाळ्यात परत येतं तेव्हा ‘पाणी आला’ही परत येतो. याला पोराचं डोकं जबाबदार धरणं हा शुद्ध अन्याय आहे.

एक आक्षेप नोंदवायलाच हवा. ‘मधली’ म्हटलं की पलीकडचा काठ गृहीत धरला जातो आणि शिकणारा कायम अर्ध्या पाण्यात दिसतो. ब्रज काचरू आणि इतरांनी भारतीय इंग्रजीच्या बाबतीत हेच विचारलं: जिथे सगळा समाजच तशी भाषा बोलतो, तिथे अपुरं काय राहिलं? आपल्याकडे सांगलीजवळच्या कुपवाडचं उदाहरण जगभर शिकवलं जातं. गंपर्झ आणि विल्सन यांनी 1971 मध्ये दाखवलं की तिथल्या कानडी, मराठी आणि उर्दूचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्यांची घडण एक होत गेली. तिथल्या मराठीत पूर आला की नदी ‘आली’ नव्हे, ‘आलं’. उर्दूत नदी ‘आया’. कधीकाळी कोणाच्या तरी तोंडची ती चूक असणार. पुढे तीच गावाची भाषा झाली. दखनीतला ‘मैंच’मधला ‘च’ आणि ‘नक्को’ हे तर मराठीकडूनच गेलेत, आणि त्यांना आज चूक कोण म्हणेल?

तरीही परीक्षेत गुण ‘आलं’लाच मिळतात. पोराला प्रमाण मराठी यायला हवी, याबद्दल मला शंका नाही. प्रश्न आहे तो पोचवण्याच्या रीतीचा. कन्नडच्या घाटमाथ्यावर शिकवणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना एवढंच सुचवावंसं वाटतं: शाळा उघडली की लाल पेनाच्या जोडीला एक दोनशेपानी वही ठेवा. कोण काय म्हणालं ते तारखेनिशी, दुरुस्त न करता लिहा आणि पुढे पोराची घरची भाषा लिहा. महिन्याने वाचा. ‘पाणी आला’ म्हणणाऱ्यांना पाणी, दूध, झाड, घर हे शब्द एकत्र द्या, ‘ते’ लावून द्या. आणि तांड्यावरच्या एखाद्या आजीकडून पाच-पन्नास वाक्यं गोरबोली शिकून घ्या. त्या वाक्यांत तुमच्या चुका कुठे होतात, तेही त्याच वहीत लिहा.